मत दिल्यानंतरची पाच वर्षं

३ नोव्हेंबर २०२२ रोजी अंधेरी पूर्व विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. आमदार रमेश लटके यांच्या निधनाने जागा रिकामी झाली होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये शिवसेना फुटली होती, धनुष्यबाण गोठवला गेला होता आणि उद्धव ठाकरे यांच्या गटाच्या हाती नवीकोरी मशाल आली होती. भाजपने उमेदवार दिला, अर्ज भरला आणि नंतर मागे घेतला. ऋतुजा लटके निवडून येणार हे मतदानाआधीच सगळ्यांना कळून चुकलं होतं. मतदान झालं ३१.७४ टक्के. दुसऱ्या क्रमांकाची मतं कोणा उमेदवाराला मिळाली नाहीत. ती ‘नोटा’ला मिळाली, १२,८०६.

नोटासाठी छुपा प्रचार झाल्याचे आरोप तेव्हा झाले, आणि त्यात काही तथ्य असेलही. तरी या निकालाकडे शांतपणे पाहिलं तर दोन निराळ्या वृत्तीचे मतदार दिसतात. दर दहातले जवळपास सात जण घरीच राहिले. बारा हजारांहून अधिक माणसं मात्र उठली, केंद्रावर गेली, बोटाला शाई लावून घेतली आणि यांपैकी कोणीच नको असं सांगून परत आली. निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशी आपण या दोघांनाही ‘उदासीन मतदार’ या एकाच खात्यात जमा करतो. मग अग्रलेखांत सुशिक्षितांना चार बोल सुनावले जातात, मतदानाच्या सुट्टीत लोणावळ्याला जाणाऱ्यांची हजेरी घेतली जाते आणि विषय पुढच्या निवडणुकीपर्यंत मिटतो.

गेल्या काही निवडणुका जवळून पाहिल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. मतदानाचा दिवस ही या नात्यातली सगळ्यात कमी बिघडलेली गोष्ट आहे. खरी नासाडी होते ती त्यानंतरच्या पाच वर्षांत. आपण ज्याला निवडून दिलं त्याला भेटायचं कुठे, विचारायचं काय आणि त्याने ऐकलं नाही तर करायचं काय, यातल्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर सामान्य माणसाजवळ नाही. म्हणून काहीजण घरी बसतात, काहीजण नोटा दाबतात आणि बहुसंख्य माणसं सवयीने, आशेने किंवा ओळखीपोटी मत देऊन येतात.

आधी आकडे पाहू. विधानसभेसाठी १९९५ मध्ये महाराष्ट्राने ७१ टक्क्यांहून अधिक मतदान केलं. मुंबईच्या दंगली, बॉम्बस्फोट आणि किल्लारीचा भूकंप या सगळ्यांतून राज्य नुकतंच बाहेर पडलं होतं. सरकार बदलता येईल असं लोकांना खरोखर वाटत होतं आणि ते बदललंही. त्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले, म्हणजे पक्षाने नाकारलेल्या आपल्या माणसालाही लोकांनी हात दिला. पुढे टक्का खाली आला. २००९ मध्ये तो साठच्याही खाली आला, २०१९ मध्ये ६१ च्या आसपास होता. २०२४ मध्ये तो ६६ वर पोहोचला. १९९५ नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा आहे. दोन पक्ष उभे फुटल्यानंतर, चिन्हं इकडची तिकडे गेल्यानंतर आणि राजकारणाचा वीट आला असं उठताबसता ऐकू येत असताना लोक जास्त संख्येने बाहेर पडले. वीट आल्याने माणूस घरी बसतो हा समज इथेच निम्मा गळून पडतो.

त्याच निवडणुकीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर मतदारसंघात जवळपास ८५ टक्के मतदान झालं आणि मुंबईतल्या कुलाब्यात ४४ च्या घरात. एकाच राज्यात, एकाच दिवशी चाळीस टक्क्यांचा फरक. करवीरची माणसं जास्त देशभक्त आहेत म्हणून हे घडलं असं कोणी म्हणणार नाही. कोल्हापूरकडे निवडणूक पाच वर्षांतून एकदा येत नाही. गावची विकास सेवा सोसायटी, दूध संस्था, गोकुळ, कुंभी-कासारी आणि भोगावतीसारखे साखर कारखाने, बँका, ग्रामपंचायत, पंचायत समिती असं काही ना काही सतत चालू असतं. माणूस कोणत्या गटाचा हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. ऊस वेळेवर तुटणं, सोसायटीचं कर्ज मिळणं, पोराला कारखान्यात चिकटवणं हे सगळं त्या गटाशी बांधलेलं असतं. गट हा काही लोकशाहीचा आदर्श नव्हे. त्यात दहशत आहे, अडवणूक आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची वैरं आहेत. पण आपल्या मताने कुणाचं तरी काहीतरी बनतं किंवा बिघडतं, हे तिथल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. २०२४ मध्ये करवीरचा निकाल दोन हजारांहून कमी मतांच्या फरकाने लागला.

मुंबईच्या आकड्याबद्दल एक खुलासा करायला हवा. टक्का काढताना ज्या यादीने भागतात ती यादीच धड नाही. गिरणगाव उठलं, माणसं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली, नावं लालबाग-परळच्या यादीत राहिली. कोकणातल्या चाकरमान्याचं नाव अनेकदा गावीही असतं आणि इथेही. गेलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं निघत नाहीत आणि नव्याने राहायला आलेल्याचं नाव लागता लागत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये विरोधी पक्षांनी मतदार याद्यांवरून मुंबईत मोर्चा काढला तेव्हा हा विषय चव्हाट्यावर आला, तरी वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला तो आधीपासून माहीत होता. यादी स्वच्छ झाली तर शहरांचा टक्का आपोआप काही अंशांनी वर जाईल. पण तेवढ्याने कुलाबा करवीर होणार नाही.

शहरातल्या सुखवस्तू वर्गाचं गणित वेगळं आहे. पाणी आलं नाही तर सोसायटी टँकर मागवते, वीज गेली तर जनरेटर आहे, मुलं खासगी शाळेत, दुखणं खासगी इस्पितळात, रस्त्यावर खड्डे असले तरी गाडी बंद काचांची. सरकारशी ज्याचं रोजचं कामच उरलेलं नाही तो नगरसेवकाचं नाव कशाला पाठ करील? झोपडपट्टीतल्या बाईचं तसं नाही. नळाची वेळ, शौचालयाची डागडुजी, रेशनकार्डावर सुनेचं नाव, पात्र-अपात्रतेची यादी, या प्रत्येक गोष्टीसाठी तिला राजकारण्याची पायरी चढावी लागते. भारतात गरीब माणूस श्रीमंतापेक्षा अधिक उत्साहाने मत देतो हे अभ्यासकांनी वारंवार नोंदवलं आहे. मुकुलिका बॅनर्जी यांचं ‘व्हाय इंडिया व्होट्स?’ हे २०१४ चं पुस्तक याच प्रश्नाभोवती फिरतं. निदान त्या दिवशी रांगेत सगळे सारखे असतात, ही भावना त्यामागे आहे.

मध्यमवर्गाला राग येत नाही असं मात्र नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर आठवडाभरात गेटवेसमोर अलोट गर्दी जमली. राजकारण्यांवरचा संताप तेव्हा उघड आणि खरा होता. पाच महिन्यांनी, ३० एप्रिल २००९ रोजी, दक्षिण मुंबईने लोकसभेसाठी मत दिलं ते जेमतेम चाळीस टक्के. मीरा सन्याल या बँकेतल्या वरिष्ठ अधिकारी अपक्ष उभ्या होत्या. नेमका तसाच उमेदवार हवा असं गेटवेवरची गर्दी म्हणत होती, पण त्यांची अनामतही वाचली नाही. तीन वर्षांनी तेच घडलं. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने २०११ चा ऑगस्ट ढवळून काढला होता. डिसेंबरात अण्णा मुंबईत उपोषणाला बसले तेव्हा मैदान भरलं नाही, आणि फेब्रुवारी २०१२ च्या महापालिका निवडणुकीत मुंबईचा टक्का ४५ च्याही खाली राहिला. ज्या भ्रष्टाचारावर सारा देश बोलत होता त्यातला आपल्या वाट्याचा भाग गटारांच्या, रस्त्यांच्या आणि कचऱ्याच्या कंत्राटांत होता. त्यावर मत द्यायची वेळ आली तेव्हा आपण गेलो नाही.

अपवाद आहेत, आणि त्यांच्याकडे नीट पाहायला हवं. २००७ मध्ये जुहूच्या नागरिकांनी एकत्र येऊन पक्षांबाहेरचा आपला उमेदवार ठरवला आणि ॲडॉल्फ डिसोझा नगरसेवक म्हणून निवडून आले. तिथल्या रहिवाशांचा गट आधीपासून गल्लीच्या प्रश्नांवर एकत्र काम करत होता, म्हणून ते जमलं. मेणबत्तीची संध्याकाळ आणि दर महिन्याची बैठक यांत हा फरक आहे.

आता निवडून आलेल्या माणसाकडे वळू. सकाळी नऊच्या सुमारास कोणत्याही आमदाराच्या संपर्क कार्यालयात जाऊन बसावं. भिंतीवर नेत्यांचे फोटो, खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दाराशी चपलांचा ढीग. साहेब अजून आलेले नसतात. त्यांचे पीए दोन फोन कानाला आणि तिसरा टेबलावर ठेवून लेटरहेडवर मजकूर सांगत असतात. एका बाईच्या हातात नवऱ्याची डायलिसिसची फाइल आहे. तिला कोणीतरी सांगितलंय की साहेबांचं पत्र असलं की धर्मादाय रुग्णालयात बिल माफ होतं. एक बाप मुलाच्या प्रवेशासाठी आला आहे. दोन शेतकरी डीपी जळून पंधरवडा झाला म्हणून आले आहेत, एकाचा फेरफार तलाठ्याकडे अडला आहे. एकजण नुसताच लग्नपत्रिका द्यायला आला आहे, पण साहेबांच्या हातातच द्यायची म्हणून दोन तास बसून आहे. साहेब येतात. उभ्या उभ्या प्रत्येकाचं ऐकतात, फोन लावतात, ‘बघून घ्या जरा, आपला माणूस आहे’ म्हणतात. बाईला पत्र मिळतं. ती वाकून नमस्कार करते.

मला तिच्या त्या नमस्काराचा त्रास होतो. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवायच्या, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. उत्पन्नाचा दाखला दाखवला की तिला ती सवलत मिळायला हवी. तिथे पत्राचा संबंधच नाही. फेरफार मुदतीत होणं, डीपी बदलून मिळणं, हेही हक्कच आहेत. जे कायद्याने मिळायला हवं ते उपकार म्हणून मिळतं, आणि उपकाराची परतफेड मताने होते. यंत्रणा सुरळीत चालली तर कार्यालयातली ही गर्दी ओसरेल, म्हणून ती सुरळीत व्हावी अशी घाई कोणालाच नसते.

यात दोष एकट्या आमदाराचा नाही. त्याने विधानसभेत किती प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर तो बोलला, अर्थसंकल्पात जिल्ह्याच्या वाट्याला काय आलं, हे त्याला मतदारसंघात कोणी विचारत नाही. ‘आमच्या अण्णांच्या दहाव्याला आले नाहीत’ हे मात्र लोक पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात. लग्नसराईत एका दिवसात आठ-दहा मांडवांत अक्षता टाकून फिरणारा आमदार अधिवेशनाची कागदपत्रं वाचणार कधी? त्याच्याकडून आपण थोरल्या भावाची अपेक्षा ठेवली, कायदे करणाऱ्याची ठेवली नाही. तोही मग तसाच घडला. आणि थोरल्या भावाला हिशेब विचारायचा नसतो अशी आपल्याकडची रीत.

हे नातं नेहमी असंच नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५७ मध्ये लोकांनी संयुक्त महाराष्ट्र समितीला भरभरून मतं दिली ती काम करून देतो म्हणून नव्हे. मृणाल गोरे यांची सुरुवात गोरेगावच्या ग्रामपंचायतीतून झाली. पुढे महापालिकेत आणि विधानसभेत जाऊनही उपनगरांच्या पाण्यासाठी त्या बायांना घेऊन हंडे वाजवत रस्त्यावर उतरल्या. एखाद्या चाळीला टँकर पाठवून त्यांनी वाहवा मिळवली नाही, सगळ्या उपनगराला पाणी मिळालं पाहिजे म्हणून यंत्रणेला धारेवर धरलं. १९७७ मध्ये लोकांनी त्यांना लोकसभेत पाठवलं तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा मुंबईच्या तोंडी होती. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ पासून अकरा वेळा निवडून आले, तेही शेतकरी कामगार पक्षासारख्या आकसत गेलेल्या पक्षातून. मंत्रिपदं आली-गेली, एसटीने प्रवास करायची सवय गेली नाही. त्यांना दोनदा, १९७२ आणि १९९५ मध्ये, सांगोल्याने हरवलंही होतं. प्रेम आणि हिशेब दोन्ही सांभाळणारा मतदार महाराष्ट्रात होता, हे सांगायला एवढा एक मतदारसंघ पुरे.

आज चित्र काय आहे? २०२४ मध्ये निवडून आलेल्या आमदारांच्या प्रतिज्ञापत्रांचा अभ्यास असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने केला. त्यानुसार सुमारे ६५ टक्के आमदारांवर फौजदारी गुन्हे नोंदलेले आहेत आणि ९७ टक्के कोट्यधीश आहेत. विधानसभेच्या उमेदवाराला कायद्याने ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. प्रत्यक्षात एका गावातल्या जेवणावळी आणि गाड्यांचा हिशेब मांडला तरी ही मर्यादा कुठवर टिकते हे वाचकांना ठाऊक आहे. साधा शिक्षक, वकील किंवा सोसायटीचा सचिव आता आमदारकीचं नावही काढत नाही. उमेदवारांच्या यादीतूनच आपल्यासारखा माणूस नाहीसा झाला की मतदाराला ती लढाई दुसऱ्यांची वाटू लागते.

आणि मग पक्षांतरं. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेच्या शपथविधीपासून महाराष्ट्राने जे पाहिलं ते इथे पुन्हा सांगायला नको. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आमदाराला बांधून ठेवण्यासाठी होता. २००३ मध्ये त्यातली एक तृतीयांशांच्या फुटीची सवलत काढली, तरी वाटा निघत राहिल्या आणि अध्यक्षांचा निर्णय यायला दीड-दीड वर्ष लागलं. ज्याच्याविरुद्ध मत दिलं त्याच्याच शेजारी आपला आमदार बसलेला पाहून मतदाराला फसवणूक झाल्यासारखं वाटलं. २०२४ च्या जून आणि नोव्हेंबरमधले निकाल एकमेकांच्या अगदी उलट लागले. लोकसभेत महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा, सहा महिन्यांत विधानसभेत महायुतीला २८८ पैकी २३०. विरोधी पक्षनेतेपदासाठी लागणारे २९ आमदार एकाही विरोधी पक्षाकडे उरले नाहीत. बाजू कोणतीही असो, सरकारला विचारणारा आवाज सभागृहात क्षीण झाला की बाहेरच्या माणसाचाही धीर खचतो.

तरीही पक्षांतरांमुळेच लोक मतदानाला येत नाहीत असं म्हणायला मी धजावत नाही. कारण शेजारी गोवा आहे. जुलै २०१९ मध्ये तिथे काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये उडी मारली. म्हणून २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ घ्यायला लावली. निवडून आलेल्या ११ पैकी ८ जण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भाजपमध्ये गेले. इतकं होऊनही गोव्यात मतदान किती? २०१७ मध्ये ८२ टक्क्यांच्या वर, २०२२ मध्ये ७९ च्या आसपास. आणि २०१९ च्या त्या दहांपैकी बहुतेकांना मतदारांनी २०२२ मध्ये घरी बसवलं.

गोव्याच्या विधानसभेत ४० जागा आहेत आणि मतदार साडेअकरा लाखांच्या आसपास. म्हणजे एका आमदारामागे सरासरी २९ हजार मतदार. महाराष्ट्रात ९ कोटी ७० लाख मतदारांमागे २८८ आमदार, प्रत्येकी सव्वातीन लाखांहून अधिक. मुंबई महापालिकेत २२७ प्रभागांसाठी एक कोटीहून जास्त मतदार आहेत, म्हणजे मुंबईतला एक प्रभाग गोव्याच्या विधानसभा मतदारसंघाहून मोठा आहे. गोव्यात आमदार बाजारात भेटतो, चर्चच्या फेस्तात भेटतो, जत्रेत भेटतो, आणि त्याला तोंडावर चार शब्द सुनावता येतात. राग काढायला समोर माणूस असला की माणूस मतदानालाही जातो.

आपल्या ग्रामपंचायतींत हेच दिसतं. १५ जानेवारी २०२१ रोजी, करोनाचं सावट असताना, राज्यातल्या बारा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं आणि टक्का सुमारे ७९ होता. त्याच वेळी नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं. उमराण्यात बोली दोन कोटींच्या पुढे गेली होती. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही निवडणुका रद्द केल्या. बोलीचे पैसे मंदिराच्या बांधकामाला जाणार होते असं सांगण्यात आलं. गावचं भलं होतंय मग बिघडलं कुठे, असं म्हणणारे सज्जनही मला भेटले आहेत. त्यांना माझं एकच सांगणं असतं: ज्याने कोटी रुपये मोजले तो मजुराच्या घरकुलाच्या यादीवर सही करताना कुणाचं ऐकेल? बिनविरोध निवडणुकीचं आपल्याकडे फार कौतुक होतं. गावाने खरोखर एकमताने निवड केली तर ते कौतुक योग्यच आहे. पण बिनविरोध झालं की मतदानच होत नाही आणि नोटाचं बटणही हाती येत नाही. २०२६ च्या जानेवारीत महापालिकांच्या निवडणुकांमध्ये साठहून अधिक उमेदवार मतदानाआधीच निवडून आले, बहुतेक सत्ताधारी पक्षांचे. आयोगाला अहवाल मागवावे लागले. त्या प्रभागांतल्या मतदारांना उदासीन म्हणायचं का?

शहरांच्या बाबतीत तर त्याहून मोठा अन्याय झाला, आणि त्यावर व्हावा तितका आरडाओरडा झाला नाही याची मला खंत वाटते. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने सांगितलं आहे की पालिकेची पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली आणि कोल्हापूर इथे मुदत २०२० मध्ये संपली. मुंबई-पुण्यात मार्च २०२२ मध्ये. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचनेचे खेळ. प्रभागात तीन सदस्य की चार, हे सरकार बदललं की बदलत राहिलं. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, मुदत पुन्हा वाढली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांसाठी मतदान झालं. दरम्यान मुंबईचा ७४ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प एका नेमलेल्या अधिकाऱ्याने मांडला आणि त्यानेच मंजूर केला. कल्याण-डोंबिवलीत २०१५ च्या निवडणुकीनंतर लगेच अठरा वर्षांचा झालेला मुलगा आपल्या शहराच्या कारभारासाठी पहिलं मत द्यायला गेला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. इतकी वर्षं मत न मागता कारभार चालवून दाखवल्यावर त्याने उत्साहाने रांगेत उभं राहावं ही अपेक्षा करायला तोंड कुठे आहे? तरी मुंबईत निम्म्याहून थोडे अधिक मतदार गेले.

पुण्यासारख्या शहरात तर एका प्रभागात चार नगरसेवक. मतदाराने चार बटणं दाबायची. पुढे ड्रेनेज तुंबलं की कोणाकडे जायचं हे त्याला उमगत नाही आणि चौघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. शिवाय प्रभागाच्या सीमा आणि आरक्षण दर वेळी बदलतं. आरक्षण हवंच, त्याने बायांना आणि मागासांना सभागृहात आणलं. पण सीमा पुन्हा पुन्हा हलवणं आणि चौघांना एकत्र बांधणं ही पक्षांची सोय आहे, नागरिकांची नाही.

लोकांना निर्णयाची किंमत कळते का, असा प्रश्न कोणाला पडत असेल तर त्याने दारूबंदीचं मतदान पाहावं. २००८ च्या नियमांनुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की परवानाधारक दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर गुप्त मतदान घेतात. कागदावर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं पडावी लागतात. झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या. म्हणजे जी घरी राहिली तिचं मत आपोआप दुकानाच्या बाजूने गेलं. म्हणून बाया आदल्या दिवशी घरोघर फिरतात, माहेरी गेलेल्या लेकीसुनांना बोलावून घेतात, खुरपणीचा रोज बुडवतात, म्हाताऱ्यांना धरून केंद्रावर आणतात. दुकानदाराची माणसं बाहेर उभी असतात, घरी गेल्यावर मार पडेल ही भीती असते, तरी त्या येतात. पुष्कळ ठिकाणी आडवी बाटली जिंकली आहे. निर्णय आपल्या दारातला, परिणाम उद्याच दिसणारा, आणि मत मोजलं जाणार याची खात्री: एवढं मिळालं की निरक्षर बाईही मतदानाचा हक्क पुरेपूर वापरते.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये खात्यात पडले म्हणून बायांनी मतं विकली, असं बोलणाऱ्यांशी मी सहमत नाही. सरकारच्या निर्णयाचा परिणाम स्वतःच्या नावावरच्या खात्यात पाहण्याची अनेकींची ती पहिलीच वेळ होती. पुरुष आणि स्त्रियांच्या मतदानातला फरक जेमतेम दीड-दोन टक्के राहिला, हे मला चांगलं लक्षण वाटतं. माझी चिंता वेगळी आहे. पैसे बँकेत येतात; रेशन दुकान, अंगणवाडी आणि दवाखाना यांबद्दल तिने कुठे बोलावं याची सोय मात्र कोणी केलेली नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ती सोय स्वतःच केली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने निर्णय घ्यायची पद्धत बसवली. २००९ मध्ये त्यांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ही शे-सव्वाशे उंबऱ्यांची वस्ती आहे, सगळीकडे हे जसंच्या तसं जमणार नाही हे मान्य. पण ग्रामसभा निदान गावांना आहे. शहरातल्या माणसाला तीही नाही.

ती कायद्यात मात्र आहे. २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिका आणि नगरपालिका कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. प्रभागाचे छोटे भाग पाडायचे, तिथल्या सगळ्या मतदारांची सभा नगरसेवकाने बोलवायची आणि कामांचा अग्रक्रम लोकांनी ठरवायचा. सतरा वर्षं झाली, ही तरतूद जवळपास सगळीकडे कागदावरच पडून आहे. नगरसेवकांना ती नको आहे, कारण तिथे पत्र देऊन भागणार नाही, उत्तर द्यावं लागेल. प्रशासनाला तर ती आठवतही नाही.

वाचकहो, आपल्या शहरात बऱ्याच वर्षांनी आता निवडून आलेले नगरसेवक बसले आहेत. या दिवाळीत फराळाला जमाल तेव्हा सोसायटीतल्या, चाळीतल्या चार-पाच जणांनी मिळून एक अर्ज लिहा: आमच्या भागाची क्षेत्रसभा कोणत्या तारखेला घेणार, ते लेखी कळवा. एक प्रत नगरसेवकाला द्या, एक आयुक्तांना, आणि दोन्हींवर पोच घ्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात तोच प्रश्न पुन्हा विचारा.